‘पाटील एस’ नेमके कोण? वैद्यकीय संदर्भलेखनाची पार्श्वभूमी

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे थिसिस पाठवायची तारीख जवळ आली, की आमच्या ग्रंथालयात रेसिडेंटांची, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरांची, ये-जा वाढते. नाइट ड्यूटी उरकून तशीच आलेली मुलं, हातात पेनड्राइव्ह. प्रश्न ठरलेला: ‘‘मॅडम, रेफरन्सेस व्हँकुव्हरमध्ये करून द्यायला किती वेळ लागेल?’’ व्हँकुव्हर म्हणजे वैद्यकीय लेखनात संदर्भ मांडायची पद्धत: मजकुरात नुसता क्रमांक आणि शेवटी त्याच क्रमाने यादी. मागच्या वर्षी एकीच्या संदर्भसूचीत चौदाव्या क्रमांकावर ‘पाटील एस’ होते आणि एकविसाव्या क्रमांकावरही ‘पाटील एस’. दोन्ही एकच का, असं विचारलं तर ती गप्प झाली. कोल्हापुरात हा प्रश्न पडणारच. इथे एकेका बॅचमध्ये चार-पाच पाटील असतात. पण आडनाव आधी, मग नुसती आद्याक्षरं, मध्ये टिंबसुद्धा नाही, ही पद्धत आली कुठून हे कुणी सांगत नाही. ते कळलं, की स्वल्पविरामांचा कंटाळा बराच कमी होतो, हा माझा रोजचा अनुभव आहे.

‘व्हँकुव्हर’ हे कॅनडातल्या एका शहराचं नाव. जानेवारी 1978 मध्ये तिथे काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक अनौपचारिकपणे भेटले. अडचण साधी होती. प्रत्येक जर्नलची संदर्भ लिहिण्याची तऱ्हा वेगळी. एका जर्नलने लेख परत पाठवला, की दुसऱ्यासाठी सगळी यादी नव्याने टाइप करायची, तीही टाइपरायटरवर. मजकुरात एक संदर्भ वाढला तरी पानं पुन्हा बडवायची. या संपादकांनी हस्तलिखितासाठी समान नियम ठरवले आणि ते 1979 मध्ये छापून आले. संदर्भांचा साचा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने तयार केलेला होता. हाच गट पुढे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाला. 2013 मध्ये त्या नियमावलीचं नाव बदलून ‘शिफारशी’ झालं, पण आपल्या तोंडी व्हँकुव्हरच राहिलं.

या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची मुळं आणखी मागे जातात. जॉन शॉ बिलिंग्ज हे अमेरिकन लष्करातले सर्जन. वॉशिंग्टनमधल्या सर्जन जनरलच्या कार्यालयाचं ग्रंथालय त्यांनी वाढवलं आणि 1879 मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची सूची सुरू केली. जगभरातल्या लेखांच्या नोंदी बारीक टाइपात, जाडजूड खंडांत. अशा सूचीत प्रत्येक अक्षराला जागा लागते. म्हणून जर्नलची नावं आखूड करायची रीत पडली. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चं ‘एन इंग्ल जे मेड’ झालं. 1913 पासून निघणारं आपलं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ अशा यादीत ‘इंडियन जे मेड रेस’ म्हणून बसतं. वर्ष, खंड, अंक आणि पानं ‘2019;12(3):145-9’ अशी एका दमात लिहायची, शेवटच्या पानाचे सारखे आकडेही गाळायचे, ही सगळी त्याच काटकसरीच्या जगातली वळणं. छापील इंडेक्स मेडिकस 2004 अखेर बंद झालं. सवयी मात्र टिकल्या.

कंसात लेखकाचं नाव आणि साल लिहिण्याची दुसरी पद्धत हार्वर्ड या नावाने चालते. तिचा माग हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या 1881 मधल्या, गोगलगायीच्या जातीच्या एका प्राण्यावरच्या निबंधापर्यंत लागतो. वैद्यकीय जर्नलांनी बहुतांशी आकड्यांची वाट धरली, आणि मला ती योग्य वाटते. एका वाक्याला सात संदर्भ असले तरी वाचणाऱ्याला ठेच लागत नाही.

पण साचा बिनचूक असला म्हणजे संदर्भ खरा असतो असं नाही. याचं एक उदाहरण मी दर बॅचला सांगते. 1887 मध्ये प्रागच्या यारोस्लाव ह्लावा यांनी आमांशावर चेक भाषेत लेख लिहिला. शीर्षक होतं ‘ओ उप्लावित्सी’, म्हणजे ‘आमांशाविषयी’. त्याचा गोषवारा जर्मनमध्ये छापताना शीर्षकच लेखकाचं नाव समजलं गेलं, ‘ओ’ हे आद्याक्षर आणि ‘उप्लावित्सी’ हे आडनाव. मग एकाने दुसऱ्याचं पाहून उतरवलं, तिसऱ्याने त्याचं. कधी जन्मालाच न आलेला हा डॉक्टर पन्नास वर्षं संदर्भसूच्यांत नांदला. परजीवीशास्त्रज्ञ क्लिफर्ड डोबेल यांनी 1938 मध्ये सगळा उलगडा छापला आणि शीर्षकात त्याच्या नावापुढे जन्ममृत्यूची सालं असावीत तसं ‘1887–1938’ लिहिलं. मधल्या काळात किती जणांनी मूळ लेख उघडून पाहिला नसेल!

त्याहून जड उदाहरण 1980 मधलं आहे. न्यू इंग्लंड जर्नलमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र आलं होतं. रुग्णालयात अफूवर्गीय औषध दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी, आधी व्यसन नसलेल्या फक्त चार जणांत व्यसनाची पक्की नोंद सापडली, असं त्यात होतं. पुढे हे पत्र घरी दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांसाठीही दाखला म्हणून वापरलं गेलं. 2017 मध्ये त्याच जर्नलमध्ये त्याची मोजदाद आली: 608 लेखांत हा संदर्भ होता, आणि त्यातल्या 80 टक्क्यांहून अधिक लेखांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते याचा उल्लेखच केला नव्हता. अमेरिकेत या गोळ्यांच्या व्यसनाने किती जीव घेतले ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून ‘एवढा एक रेफरन्स राहू दे, मॅडम’ असं कुणी म्हटलं की मी हलत नाही.

आता शोधणं सोपं झालं आहे. जून 1997 मध्ये वैद्यकीय लेख शोधायचं पबमेड हे संकेतस्थळ सगळ्यांना मोफत खुलं झालं. 2000 मध्ये प्रकाशकांची क्रॉसरेफ ही संस्था सुरू झाली आणि लेखाला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळखक्रमांक, जोडायची रीत पसरली. 2006 मध्ये आलेलं झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, एका क्लिकवर सगळी यादी लावून देतं. मात्र आत चुकीची नोंद गेली तर बाहेर चुकीचीच, फक्त नीटनेटकी, येते. मजकूर तयार करणारी एआयची नवी साधनं तर अस्तित्वातच नसलेले लेख अगदी व्हँकुव्हरच्या साच्यात बसवून देतात. ते वाचायला इतके खरे वाटतात, की डीओआय टाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

राहिला नावांचा प्रश्न. पबमेडमागच्या मेडलाइन या लेखसूचीत लेखकांची पूर्ण नावं 2002 पासून येऊ लागली. त्याआधीच्या नोंदींत फक्त आद्याक्षरं आहेत. आपल्याकडे त्यात वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचं अक्षर असतं. लग्नाआधी ‘कुलकर्णी एस आर’ म्हणून छापलेली मुलगी लग्नानंतर ‘पाटील एस व्ही’ झाली, की सूचीत दोन वेगळ्या व्यक्ती तयार होतात आणि तिचं आधीचं काम तिच्या नावावर दिसत नाही. यावर 2012 मध्ये ऑर्किड हा संशोधकाचा स्वतःचा सोळा अंकी ओळखक्रमांक आला. आडनाव बदललं तरी तो बदलत नाही. इंटर्नशिपमध्येच तो काढून घ्या, असं मी मुलींना आवर्जून सांगते.

त्या दिवशी आम्ही दोन्ही ‘पाटील एस’ पबमेडवर उघडले. चौदावे भूलतज्ज्ञ निघाले, एकविसाव्या बालरोगतज्ज्ञ. दुसऱ्या लेखाचा गोषवारा तिने दोनदा वाचला. थिसिसमध्ये तिने त्यांच्या नावावर जे वाक्य घातलं होतं, ते त्यात कुठेच नव्हतं. तिने ते जुन्या एका थिसिसमधून उचललं होतं. संध्याकाळी साडेसहाला वाक्य गेलं, एकविसावा संदर्भ गेला, आणि पुढचे सगळे आकडे एकेकाने मागे सरकले.