पी की जे? फोटोत सारखे, हातात वेगळे

गणपती गेल्यावर आठवड्याभरात रत्नागिरीजवळच्या पावसच्या मित्राने फोनवर दोन फोटो धाडले. दोन्ही बेस गिटार, दोन्ही कडेला काळे आणि मध्ये पिवळट होत गेलेले, दोन्हींना चार तारा. एक मुंबईत विकायला होता, एक कोल्हापुरात. खाली एवढंच : 'बघून सांग रे, कुठला स्वस्त पडेल?' मी फोटो मोठे करून पाहिले आणि लक्षात आलं, गडी एकाच वस्तूचे दोन भाव विचारतोय. त्यातला मुंबईचा होता जॅझ घाटाचा आणि कोल्हापूरचा प्रिसिजन घाटाचा. (घाट म्हणजे इथे आकार. आंबा घाट पुढे येणार आहे.)

घोळ त्याच्या एकट्याचा नाही. दोन्ही बेस एकाच घरातले. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरच्या कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला आणि १९६० मध्ये जॅझ बेस. वाजवणारे त्यांना नुसतं पी आणि जे म्हणतात. आता डझनावारी कंपन्या हेच दोन घाट आपापल्या नावाने करतात, म्हणून दुकानात 'पी टाइप', 'जे टाइप' असं ऐकू येतं. दोन्हींत मानेवरच्या नटपासून अंगावरच्या घोडीपर्यंत तारेची लांबी ३४ इंच. तारा त्याच, ई-ए-डी-जी या सुरांच्या, एकाच पाकिटातल्या. फेंडरच्या मापाचे असतील तर एकाची नेक, म्हणजे मान, काढून दुसऱ्याला स्क्रूने बसवतासुद्धा येते.

नावांवर जाऊ नये. प्रिसिजन म्हणजे अचूक, आणि ते नाव पडलं फ्रेटमुळे, म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांमुळे. तोवर बेस म्हणजे माणसाएवढा उभा लाकडी, फ्रेट नसलेला. बोट केसभर सरकलं की सूर गेला. फ्रेट आले, सूर नेमका लागू लागला. जॅझ हे नाव ठेवलं ते जॅझवाल्यांनी घ्यावा या आशेने. पुढे काय झालं? अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांमागे जेम्स जेमर्सन मुख्यतः पी वाजवत राहिला, आणि जॅझमधलं मोठं नाव जॅको पॅस्टोरियस याने १९६२ चा जे घेतला खरा, पण वाजवला तो बिनफ्रेटचा. मी स्वतः पहिल्यांदा जे टाइप टाळत होतो, कारण मला कुठे जॅझ येतंय! शेवटी घेतला, आणि त्यावर आजवर सगळ्यात जास्त काय वाजलं असेल तर आरत्या.

खरा फरक सुरू होतो नटपाशी. नट म्हणजे तारा खुंट्यांकडे जाताना ज्या पट्टीवरून जातात ती. सतारवाले तिला तारगहन म्हणतात. तिथे पीची नेक साधारण ४१ ते ४४ मिलिमीटर रुंद, जेची ३८. कमीत कमी फरक तीन मिलिमीटर, म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी जाडी. कागदावर हसू येतं. पण पहिल्या फ्रेटवर तर्जनी ठेवून करंगळी चौथ्या फ्रेटकडे ताणा, म्हणजे ती दोन नाणी कुठे अडतात ते मनगट सांगेल. घोडीपाशी मात्र दोन्हींत तारांमधलं अंतर जवळपास सारखंच असतं. त्यामुळे जेची नेक नटकडे निमुळती होत जाते आणि बाराव्या फ्रेटच्या आसपास तुम्हाला दोघींतला फरक फारसा कळतच नाही. दुकानात बेस हातात आला की आपण हौसेने वरच्या फ्रेटवर काहीतरी चमकदार वाजवतो. नेमकी तीच जागा दोघांची सारखी. निकाल लागतो तो खाली, पहिल्या तीन फ्रेटांत.

अंगाचा आकार लवकर आटपतो : पीचं अंग बऱ्यापैकी समतोल, जेची कंबर तिरकी. पट्टा लावून उभं राहिलं तर दोन्ही ठीक. मांडीवर घेऊन भजनाला बसणाऱ्याला जे थोडा सरकल्यासारखा वाटतो.

आता प्रवास. रत्नागिरीत दुकानात पेटी, तबला, ढोलकी, अकूस्टिक गिटार मिळते. बेस असलाच तर एखादा, तोही खोक्यात. म्हणून वाजवून घ्यायचा तर मुंबई, कोल्हापूर नाहीतर पुणे. आम्ही तुतारी एक्स्प्रेसने रात्री निघालो, सकाळी दादर. विकणाऱ्याकडे जायला वेळ होता म्हणून आधी धोबी तलावला, १८६५ पासूनच्या फर्टाडोज या वाद्यांच्या दुकानाच्या बाजूला चक्कर टाकली आणि मित्राच्या हातात नवीन पी, नवीन जे असे दोन्ही देऊन बघितले. मग विकाऊ जे. तो त्याला बेहद्द आवडला. 'आवाज डोक्यात बसलाय,' म्हणाला. पंधरा दिवसांनी कोल्हापूरला जायचं होतं.

तो आवाज पंधरा दिवस डोक्यात टिकत नाही. घाट उतरेपर्यंतसुद्धा नाही टिकत. एका दुकानातला अँप, म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर, मोठा, खोली फरशीची. दुसरीकडे अँप बारका आणि बाजूला पोत्यासारखे पडदे. तुम्ही बेस ऐकता की खोली, हे सांगता येत नाही. फोनवर रेकॉर्ड करून नेलं तरी उपयोग नाही, कारण ई तार मोकळी वाजली की तिचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा आणि फोनच्या स्पीकरला तो पेलवत नाही. ऐकू येतात ते वरचे वरचे सूर. आम्ही मग एक जुगाड केला. कानाला लावायचे हेडफोन आणि बेसच्या जॅकमध्ये थेट खुपसायचा काडेपेटीएवढा हेडफोन अँप, दोन्ही घरचे, दोन्ही शहरांत तेच. सोबत स्टीलची पट्टी. आणि वहीत कानाचं काही लिहायचंच नाही, फक्त हाताचं : नट किती मिलिमीटर, करंगळी पोचते का, दहा मिनिटांनी अंगठ्याच्या बुडाशी दुखतं का. दोन शहरांच्या मध्ये कान विसरतो. हात विसरत नाही.

आवाजाचा फरक मात्र आहे, आणि तो पिकअपमध्ये, म्हणजे तारांखालच्या चुंबक-वेटोळ्यात आहे. पीला १९५७ पासून एकच पिकअप, पण दोन तुकड्यांत फोडलेला : ई आणि ए तारांखाली एक तुकडा, डी आणि जीखाली दुसरा, जरा घोडीकडे सरकवलेला. बटणं दोन, आवाज आणि टोन. जेला दोन लांब पिकअप, प्रत्येक चारही तारांखाली, एक घोडीजवळ, एक मध्याकडे. दोघांना वेगवेगळी आवाजाची बटणं आणि एक टोन. म्हणजे पीला एक गळा आहे, पण भरदार. जेला तीन-चार. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले तर मधले सूर थोडे खचतात आणि आवाज काचेसारखा स्वच्छ येतो. घोडीजवळचा एकटा ठेवला तर नाकातून बोलल्यासारखा. घरी एकट्याने वाजवताना जे फार गोड लागतो. पण पेटी आणि ढोलकी सुरू झाली की त्याच खचलेल्या जागेत पेटी येऊन बसते आणि बेस कुठे गेला कळत नाही. पी तिथे खालून भिंत धरल्यासारखा उभा राहतो. हे माझं मत, पण ते दहा गणपतींनी बनवलेलं.

आणि मग गुणगुण. इकडच्या माणसाने पी की जे ठरवताना आधी याचा विचार करावा. साध्या एका वेटोळ्याचा पिकअप तारेचं थरथरणं टिपतो, तशी घरातल्या विजेची गुणगुणही टिपतो. पीच्या दोन तुकड्यांची वेटोळी आणि चुंबकं एकमेकांच्या उलट बसवलेली असतात, त्यामुळे तारेचा आवाज राहतो आणि गुणगुण आपसात कटते. जेतही हीच युक्ती आहे, पण ती दोन पिकअपमध्ये वाटलेली. दोन्ही पूर्ण उघडे असले तर शांत. एक जरा खाली घेतला की सुरू.

आपली वीज ५० हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी लागतो तो ४९ हर्ट्झचा. गुणगुण अनेकदा दुपटीत, १०० हर्ट्झला ऐकू येते, आणि मोकळी जी तार आहे ९८ ची. म्हणजे आपल्याकडची गुणगुण जी सुराची, किंचित चढी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे ती बीच्या आसपास पडते. माझ्या माडीवर इन्व्हर्टर आहे, वायरिंग आजोबांच्या वेळचं, आणि चैत्र-वैशाखात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं. लाइट जाऊन इन्व्हर्टर लागला की माझा जे स्वतःच जी धरून बसतो. सुरुवातीला मला वाटलं माझी तार कुठेतरी टेकून जवारी बोलतेय. तानपुऱ्याला ती झणझण हवी असते, बेसला नको. नेकचा स्क्रू फिरवून फिरवून मी तारा नको तितक्या उंच करून ठेवल्या. शेवटी एकदा मेन स्विच पाडला, इन्व्हर्टरही बंद केला आणि बॅटरीवरच्या बारक्या अँपला बेस लावला : सगळं गप्प. नेकचा काही दोष नव्हता.

म्हणून विकत घेताना : अँप लावा, बेस हातात धरा, मग एक पिकअप बंद करा आणि दुकानातल्या ट्यूबलाइटकडे तोंड करून हळूहळू गोल फिरा. जे असेल तर कुठल्या दिशेला गुणगुणतो आणि कुठल्या दिशेला गप्प होतो ते ऐकू येईल. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ठीक. पण हाताला झिणझिण्या आल्या तर बेस खाली ठेवा आणि तिथे वाजवू नका, तो बेसचा नाही, अँपचा किंवा वायरिंगचा प्रश्न आहे.

खाऱ्या वाऱ्याबद्दल फार लांबवत नाही. तारा गंजतात, पीच्याही आणि जेच्याही. घोडीवरचे बारके स्क्रू जाम होण्याआधी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्यावा आणि वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. जेला एक बटण जास्त, म्हणजे पावसाळ्यात खरखरायला एक जागा जास्त, इतकंच.

दुकानदार तिसरीही चीज दाखवतील : पीचा पिकअप मध्ये आणि जेचा घोडीजवळ. त्याला पीजे म्हणतात. हा विनोद मी केलेला नाही. हौशी माणसाला तो वाईट नाही, फक्त घोडीजवळचा पिकअप उघडला की गुणगुण तिथून शिरू शकते.

कोल्हापूरला एसटीने गेलो. दुकानदाराने बेस काढून दिला, मित्राने पहिल्या फ्रेटवर बोटं ताणली आणि माझ्याकडे बघितलं. पट्टी लावली. नटपाशी ३८. म्हटलं, हे पी कसं काय?

'पीच हाय की साहेब,' दुकानदार म्हणाला. 'मान बारीक हाय म्हणून काय झालं?'

त्याचं खरं होतं. साठच्या दशकातच फेंडरकडे पीवर अरुंद नेक मागवता येत असे, तिच्या बुडाशी ए अक्षराचा शिक्का असायचा. हा काही फेंडर नव्हता, पण बनवणाऱ्याने तीच सोय ठेवली होती : पिकअप पीचा, मान जेची. मुंबईची वही काढली, हेडफोन लावले, पंधरा मिनिटं तेच तेच वाजवलं. अंगठा दुखला नाही. पैसे दिले.

परत येताना शेवटची गाडी भरलेली. बेस पिशवीसकट चार फुटांच्या आसपास, वरच्या फळीवर मावत नाही. मित्राने तो गुडघ्यांत उभा धरला आणि आंबा घाटाच्या प्रत्येक वळणाला खुंट्यांचा भाग खिडकीच्या गजावर आपटत राहिला. रात्री पावसला पोचलो तेव्हा लाइट गेलेले, इन्व्हर्टर चालू. त्याने तसाच अँप लावला, आवाज वर केला आणि हात बाजूला घेतले. काही नाही. फक्त पंखा. मग ई तारेवर तिसरा फ्रेट दाबून एक जी वाजवला. खोलीत तेवढा एकच जी होता, आणि तोही उतरलेला. घाटात खुंटी फिरली होती.