अमेरिकेतील अंतर्गत गुलाम-व्यापार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्हर्जिनिया, मेरीलंड, केंटकी या जुन्या गुलामी-राज्यांतून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, टेक्सस या कापूस आणि ऊस पिकवणाऱ्या नव्या मुलखात चाललेली माणसांची खरेदी-विक्री. १७९० ते १८६० या काळात सुमारे १० लाख गुलामांना असे हलवण्यात आले. काही जण स्थलांतर करणाऱ्या मालकांबरोबर गेले, पण निम्म्याहून अधिक व्यापाऱ्यांच्या हातून विकले गेले, असे बहुतेक इतिहासकार मानतात. आफ्रिकेतून थेट या भूमीवर उतरवलेल्या माणसांची संख्या सुमारे ३ लाख ९० हजार होती, म्हणजे देशांतर्गत हलवाहलव तिच्या अडीचपट भरते. अमेरिकेच्या विस्ताराचा इतिहास बहुधा गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या गाड्यांमागून सांगितला जातो. नैर्ऋत्येकडची जंगले तोडून कापसाची शेते उभी केली, ती प्रामुख्याने या विकत आणलेल्या माणसांनी.

व्हर्जिनियात तंबाखूने जमिनी कसहीन झाल्या होत्या आणि शेतमालकांना हातची माणसे जास्त वाटू लागली होती. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनवले आणि आखूड धाग्याचा कापूस किफायतशीर झाला. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियाना प्रदेश दीड कोटी डॉलरना विकत घेण्यात आला. १८१४ च्या फोर्ट जॅक्सन तहाने क्रीक या मूळ रहिवाशांची २ कोटी ३० लाख एकर जमीन गेली. १८३० च्या कायद्याने चेरोकी, चॉक्टॉ आदी मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हुसकावण्यात आले. १८३८-३९ च्या त्या सक्तीच्या वाटचालीत सुमारे ४,००० चेरोकी मरण पावले, असा अंदाज आहे. मोकळ्या केलेल्या जमिनीवर राबायला माणसे हवी होती, आणि १ जानेवारी १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास बंदी होती. त्या बंदीने जुन्या राज्यांतल्या मालकांच्या हाती असलेल्या माणसांचा भाव चढला. १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाखांवर गेली.

या धंद्यातली सर्वांत मोठी पेढी आयझॅक फ्रँकलिन आणि जॉन आर्मफिल्ड यांची. १८२८ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रिया गावी, ड्यूक स्ट्रीटवर घर घेतले. दर्शनी बाजूस कचेरी, मागे उंच भिंतींचे कोंडवाडे, पुरुषांचा एक आणि बायकामुलांचा दुसरा. आर्मफिल्ड इकडे खरेदी करी, फ्रँकलिन तिकडे दक्षिणेत, मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ आणि न्यू ऑर्लिन्स या शहरांत विक्री. भरभराटीच्या काळात ही पेढी वर्षाला हजाराच्या आसपास माणसे पाठवी. १८६१ मध्ये यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने गाव घेतले आणि नंतर त्याच इमारतीचा तुरुंग केला. आज तिथे संग्रहालय आहे.

माल जाई तो दोन वाटांनी. उन्हाळा सरताना खुष्कीचे तांडे निघत. हे अंतर सुमारे १,६०० किलोमीटरचे आणि दोन महिन्यांहून अधिक चालीचे. १८३४ मध्ये एका इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाला व्हर्जिनियात न्यू रिव्हरच्या काठी असा तांडा भेटला. त्यात सुमारे ३०० माणसे होती. पैकी २०० पुरुष हातकड्या घालून एकमेकांना साखळीने जखडलेले, आणि बायकामुलांसोबत सामानाच्या गाड्या. दुसरी वाट समुद्राची. कायद्याने प्रत्येक कप्तानाला जहाजावरच्या गुलामांची यादी द्यावी लागे : नाव, वय, लिंग, उंची, कातडीचा रंग. शिवाय ही माणसे १८०८ नंतर परदेशातून आणलेली नाहीत, अशी शपथ. हजारो लोकांच्या आयुष्याचा सरकारदरबारी उरलेला एकमेव लेखी पुरावा म्हणजे या यादीतली एक ओळ आहे.

न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात विक्रीपूर्वी तयारी होई. पांढरे केस उपटत किंवा काळे करत, अंगाला तेल चोळत, नवे कपडे देत. गिऱ्हाईक दात बघे, सांधे वाकवून बघे, पाठ उघडी करून बघे, कारण चाबकाचे वळ म्हणजे माणूस ऐकणारा नाही, असा अर्थ लावला जाई. लुइझियानाच्या कायद्यात खरेदीदाराला ‘दोषा’बद्दल सौदा मोडून मागता येई. महारोग, वेड, अपस्मार यांच्या बरोबरीने पळून जाण्याची सवय हाही दोष धरला होता. स्वातंत्र्याची ओढ कायद्याने मालातली खोट ठरवली होती. याच राज्याने १८२९ मध्ये १० वर्षांखालील मुले आईवेगळी विकण्यास बंदी घातली, म्हणजे अकराव्या वर्षी ती विकता येत. गुलाम तारण ठेवून कर्जही मिळे, आणि मालक कर्जात बुडाला की तारण लिलावात निघे.

२ आणि ३ मार्च १८५९ ला जॉर्जियात सव्हाना शहराबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर असाच लिलाव झाला. जुगार आणि मंदीने कर्जबाजारी झालेल्या पिअर्स बटलरच्या ४३६ माणसांची छापील यादी होती. त्यांना घोड्यांच्या तबेल्यांत ठेवले होते. दोन दिवस पाऊस पडत होता. ४२९ जण विकले गेले आणि ३,०३,८५० डॉलर आले. कुटुंबे तोडणार नाही, असे जाहीर केले होते, पण कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि लहान मुले एवढेच. २३ वर्षांच्या जेफ्रीने नव्या मालकाला विनवले की माझे डॉर्कसवर प्रेम आहे, तिलाही घ्या. मालक आधी तयार झाला. दुसऱ्या दिवशी कळले की डॉर्कस चौघांच्या कुटुंबासोबत एकगठ्ठा विकली जाणार आहे. तेव्हा त्याने नकार दिला. बटलरने निघताना विकलेल्या प्रत्येकाच्या हातावर एक डॉलर ठेवला.

प्रतिकारही झाला. नोव्हेंबर १८४१ मध्ये व्हर्जिनियाहून न्यू ऑर्लिन्सला निघालेल्या ‘क्रिओल’ जहाजावर मॅडिसन वॉशिंग्टन आणि त्याच्या साथीदारांनी ताबा मिळवून ते बहामातल्या नासाऊला नेले. ब्रिटिश मुलखात गुलामगिरी संपली होती, त्यामुळे शंभराहून अधिक माणसे मुक्त झाली. राजधानी वॉशिंग्टनमधला हा व्यापार उत्तर आणि दक्षिण राज्यांतल्या १८५० च्या तडजोडीने बंद झाला, पण तिथली गुलामगिरी आणखी १२ वर्षे टिकली.

१८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध आणि डिसेंबर १८६५ ची गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती यांनी हा व्यापार संपवला. युद्धात दक्षिणेचा कापूस अडला तेव्हा मुंबईत कापसाचे भाव आणि शेअरचे वेड शिगेला पोहोचले, आणि शांतता होताच १८६५ मध्ये बाजार कोसळला. महात्मा फुले यांनी १८७३ चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकी जनतेला अर्पण केला.

मुक्त झालेल्यांचे पहिले काम आपली माणसे शोधण्याचे होते. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. मिसिसिपीतल्या विवाह-नोंदवह्यांत आधीच्या जोडीदारापासून ताटातूट कशाने झाली, यालाही जागा ठेवली होती. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून शोधाच्या जाहिराती येऊ लागल्या. १८७९ पासून न्यू ऑर्लिन्सच्या एका मेथडिस्ट साप्ताहिकात तर ‘हरवलेले सोबती’ असे सदरच चालले. वर्गणीदार नसलेल्यांना ५० सेंट पडत, आणि हा मजकूर चर्चमध्ये वाचून दाखवावा, अशी पाद्र्यांना विनंती असे. मालक बदलला की आडनावही बदलत असे, म्हणून या जाहिरातींत आईच्या नावाशेजारी तिला विकणाऱ्याचे आणि विकत घेणाऱ्याचे नाव येते. अशा जाहिराती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत छापल्या गेल्या. त्यांतून भेट झाल्याची उदाहरणे थोडी आहेत. आज त्यांचे आणि जहाजांच्या याद्यांचे डिजिटल संग्रह झाले असून कृष्णवर्णीय अमेरिकी कुटुंबे आपली वंशावळ त्यांच्या आधाराने जुळवतात.