ओव्हरक्लॉक केलेले ग्राफिक्स कार्ड : तापमान आणि पंख्यांचा आवाज

ग्राफिक्स कार्ड कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त क्लॉकवर (चिपच्या कामाच्या वेगावर) चालवले, म्हणजेच ओव्हरक्लॉक केले, की ते जास्त वीज ओढते, आणि ओढलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन हीटसिंकवर (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांवर) येते. चिपचा वीजवापर ढोबळमानाने क्लॉकच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही ५ टक्क्यांनी वाढवले तर उष्णता सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. गेममधला फ्रेमरेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) मात्र फार तर ५ टक्के, बहुधा त्याहूनही कमी. पंख्याचे गणित आणखी कठोर आहे. फेऱ्या दुप्पट केल्या तर हवा दुप्पट मिळते, पण आवाज १५ डेसिबलच्या आसपास चढतो, आणि १० डेसिबलची वाढसुद्धा कानाला दुप्पट आवाजासारखी वाटते. म्हणून आधी वॅट कमी करावेत, मग कॅबिनेटमधला हवेचा मार्ग मोकळा करावा आणि पंख्याच्या वेगाला त्यानंतरच हात लावावा.

हा पेच जुना आहे. २००३ सालचे जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा पंख्याच्या घोंघाटामुळे एवढा थट्टेचा विषय झाले, की एनव्हिडियाने स्वतःच त्यावर विनोदी चित्रफीत काढली. एएमडीचे आर९ २९०एक्स (२०१३) मूळ कूलरसह ९५ अंश सेल्सिअसवर ठाण मांडून बसत असे.

किती तापमान चालते, हे कार्डावर अवलंबून आहे. आरटीएक्स ३०८० ची कमाल मर्यादा ९३ अंश, आरटीएक्स ४०९० ची ९०. एएमडीच्या आरएक्स ५७०० एक्सटीमध्ये चिपच्या सर्वात तापलेल्या बिंदूला, म्हणजे हॉटस्पॉटला, ११० अंशांपर्यंत मुभा आहे. मर्यादा गाठण्याच्या बऱ्याच आधीपासून एनव्हिडियाची कार्डे तापमान चढेल तसा क्लॉक पायरीपायरीने उतरवतात. अलीकडच्या पिढ्यांत एक पायरी १५ मेगाहर्ट्झची असते. कोअर, म्हणजे मुख्य चिप, ७५ वरून ६५ अंशांवर आणल्याने अशा एक-दोन पायऱ्याच परत मिळतात. तेवढ्यासाठी खोलीभर घरघर सहन करण्यात अर्थ नाही.

सुरुवात मोजमापाने करावी. पंखे ६० टक्क्यांवर स्थिर ठेवून, नेहमीचा जड गेम २०-३० मिनिटे चालवून खोलीचे, कोअरचे, हॉटस्पॉटचे आणि मेमरीचे तापमान व वॅट एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या प्रोग्रॅममध्ये पाहून लिहून ठेवावेत. फरमार्क या ताण-चाचणीच्या प्रोग्रॅमचा भार कोणत्याही खऱ्या गेमपेक्षा जड असतो; त्यावरून पंख्यांचा वेग ठरवला तर ते विनाकारण जोरात फिरत राहतात.

वॅट उतरवण्याचा सर्वात परिणामकारक उपाय म्हणजे अंडरव्होल्टिंग, म्हणजे तोच क्लॉक कमी व्होल्टेजवर चालवणे. एनव्हिडियाच्या कार्डासाठी एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबून व्होल्टेजचा आलेख उघडावा. आधी कोअर क्लॉकचा स्लायडर २०० ते ३०० मेगाहर्ट्झने खाली ओढून लागू करावा, म्हणजे पूर्ण आलेख खाली येतो. मग, उदाहरणार्थ आरटीएक्स ३०८० वर, ९०० मिलीव्होल्टचा बिंदू १८५० मेगाहर्ट्झपर्यंत उचलून पुन्हा लागू करावा. त्याच्या उजवीकडची रेघ आपोआप सपाट होते. १०५० वरून ९०० मिलीव्होल्टवर आल्यास त्याच क्लॉकला चिपचा क्रियाशील वीजवापर चौथ्या हिश्श्याहून जास्त घटतो. थंड कार्डावर ठेवलेला बिंदू तापल्यावर एखादी पायरी सरकतो, तेव्हा कार्ड गरम असताना तो पुन्हा तपासावा. एखादा गेम तासभर नीट चालला म्हणजे सेटिंग स्थिर झाले असे नव्हे. रे ट्रेसिंगचा (प्रकाशकिरणांचे गणित करून चित्र काढणारा) गेम बऱ्याचदा आधी कोसळतो. तसे झाल्यास १५ मेगाहर्ट्झ उतरवावेत किंवा २५ मिलीव्होल्ट वाढवावेत. एएमडीच्या अलीकडच्या कार्डांत नुसता व्होल्टेजचा स्लायडर खाली आणून भागत नाही: वाचलेली वीज कार्ड क्लॉक वाढवण्यात खर्च करते. जोडीला पॉवर लिमिटही (वीज ओढण्याची कमाल मर्यादा) कमी करावे लागते.

मेमरीकडे हमखास दुर्लक्ष होते. जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी सुमारे ११० अंशांवर स्वतःचा वेग उतरवते, आणि कोअर ७० वर असताना ती तिथे पोचू शकते. शिवाय या मेमरीत चुका पकडून माहिती पुन्हा पाठवण्याची सोय असल्याने ओव्हरक्लॉक जास्त झाला तरी लगेच क्रॅश होत नाही, फ्रेमरेट गुपचूप घसरतो. म्हणून क्लॉकच्या प्रत्येक टप्प्यावर बेंचमार्कचा (वेग मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा पाहावा.

कॅबिनेटची परीक्षा सोपी आहे: बाजूचे झाकण काढून तोच गेम चालवावा. तापमान ५ अंशांहून जास्त उतरले तर दोष कार्डाचा नाही, हवेचा आहे. समोर काच असलेल्या कॅबिनेटमध्ये हे नेहमीचेच. खोलीचे तापमान तर जवळपास अंशास अंश कार्डावर चढते. परदेशी चाचण्या बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बिनएसीची खोली ३८ अंशांवर असेल, तर तेच कार्ड तेवढ्याच आवाजात १३ ते १८ अंश जास्त दाखवेल.

यानंतर फॅन कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखे किती वेगाने फिरावेत याचा आलेख. ५० अंशांपर्यंत ३० टक्के, ६५ ला ४५, ७५ ला ६० आणि ८८ ला १०० ही रचना बहुतेक तीन पंख्यांच्या कार्डांना पुरते. एकाच तापमानाभोवती पंखे सतत चढउतार करत असतील तर हिस्टेरेसिस (पंख्याचा वेग बदलण्याआधी तापमानात पडू द्यायचा फरक) ३ ते ५ अंश ठेवावा. एकसुरी आवाजापेक्षा बदलता आवाज जास्त खटकतो. ठरावीक वेगाला आवरण थरथरत असेल तर कर्व्हमध्ये तो पट्टा तिरक्या रेघेने पटकन ओलांडावा. आफ्टरबर्नर विंडोजबरोबर सुरू होत नसेल तर हा कर्व्ह सहसा लागूच होत नाही.

कार्ड उघडण्याची वेळ हॉटस्पॉट सांगतो. कोअरपेक्षा तो १० ते १५ अंशांनी जास्त असणे ठीक. फरक २५ च्या पुढे गेला तर चिप आणि कूलर यांच्यातली उष्णतावाहक पेस्ट चिपच्या मधून कडेला सरकलेली असते किंवा कूलर नीट टेकलेला नसतो. आधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पूर्ण चिपभर पसरावी. हनीवेलचे पीटीएम७९५० पॅड मात्र तापल्यावर मऊ होऊन स्वतःच पसरते आणि पेस्टसारखे सहज सरकत नाही. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णतावाहक मऊ पट्ट्या) मूळ जाडीचेच हवेत. अर्धा मिलीमीटर जाड पॅड बसवले तर मेमरी थंड होते, पण कूलर चिपवर टेकत नाही आणि हॉटस्पॉट उसळतो. स्क्रू कोनाकोनी, थोडे थोडे आवळावेत. पंख्यांची वायर आखूड असते; हीटसिंक एकदम उचलला तर कनेक्टर उपटून येतो.

प्रत्येक आवाज पंख्याचा नसतो. भार पडताच येणारी बारीक किणकिण कॉइलची (कार्डाच्या वीजपुरवठ्यातल्या तारांच्या वेटोळ्यांची) असते. गेमच्या मेनूत सेकंदाला हजारभर फ्रेम धावत असताना ती सर्वात जास्त ऐकू येते, आणि फ्रेमरेटला मर्यादा घातली की बहुधा मंदावते. कमी वेगातही टकटक येत असेल तर बेअरिंग झिजलेले असते. त्याला तेल घालण्यापेक्षा त्याच मॉडेलचा पंखा बदलणे बरे.