ऑलिम्पिकची ज्योत आता परदेशी का जात नाही?

ज्योत घेऊन धावण्याची प्रथा प्राचीन ऑलिम्पिकमधून आलेली नाही. मशालींच्या शर्यती होत त्या अथेन्समध्ये, देवतांच्या उत्सवात. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडियममधील मनोऱ्यावर ज्योत पेटली, पण ती कुणी धावत आणली नव्हती. धावत आली ती १९३६ मध्ये, ग्रीसहून बर्लिनला. सात देश, बारा दिवस, तीन हजारांहून अधिक धावपटू आणि सोबत नाझी प्रचाराचा सगळा थाट. त्या वाटेवरचे ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया आणि ग्रीस पुढच्या पाच वर्षांत जर्मनीच्या ताब्यात गेले. १९४८ मध्ये लंडनच्या आयोजकांनी प्रथा तीच ठेवली, अर्थ मात्र बदलला. पहिल्या ग्रीक धावपटूने शस्त्र खाली ठेवून, लष्करी गणवेश उतरवून मशाल हाती घेतली.

दिल्लीशी तिचा संबंध आला १९६४ मध्ये. टोकियोला जाताना ज्योत इस्तंबूल, बैरूत, तेहरान, लाहोर करत दिल्लीत आली. पुढे २००४ मध्ये, अथेन्सच्या स्पर्धेपूर्वी, ती पहिल्यांदाच आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत पोहोचली, आणि त्याच फेरीत पुन्हा दिल्लीतही.

मग आले २००८. बीजिंगच्या आयोजकांनी १ लाख ३७ हजार किलोमीटरची फेरी आखली होती. त्याच मार्चमध्ये तिबेटमध्ये उठाव चिरडला गेला आणि ज्योत जिथे जाईल तिथे निदर्शने तिच्या आधी पोहोचू लागली. लंडनमध्ये झटापटी झाल्या. पॅरिसमध्ये ज्योत विझवून बसमध्ये न्यावी लागली. सॅन फ्रान्सिस्कोत ऐनवेळी रस्ताच बदलला. १७ एप्रिलला दिल्लीत ठरलेला मार्ग कापून जेमतेम अडीच किलोमीटरांवर आणला गेला. राजपथावर हजारो पोलीस होते, सामान्य माणसाला मात्र तिथे प्रवेश नव्हता. भारतीय फुटबॉल संघाच्या तेव्हाच्या कर्णधाराने तिबेटी लोकांच्या बाजूने उभे राहत धावायला आधीच नकार दिला होता. त्याच दिवशी निर्वासित तिबेट्यांनी राजघाटाहून आपली वेगळी मशाल काढली, आणि तिच्यामागे लोक चालले.

मार्च २००९ मध्ये ऑलिम्पिक चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ठरवले की यापुढे ज्योत ग्रीसमधून निघेल आणि थेट यजमान देशात जाईल. समर्थनार्थ सुरक्षा, खर्च आणि आटोपशीरपणा ही कारणे पुढे केली जातात. ती खोटी नाहीत. पण २००८ मध्ये लोक चिडले होते ते यजमान सरकारवर. ज्योत आपल्या गावात आली म्हणून कुणी चिडले नव्हते. यजमान निवडण्याचा अधिकार याच समितीचा, आणि त्या निवडीची किंमत मोजली ती ज्यांना कधीच यजमानपद मिळालेले नाही अशा देशांनी. नैरोबी, ढाका किंवा दिल्लीतल्या शाळकरी मुलीला ऑलिम्पिकचा काही भाग आपल्या रस्त्यावर पाहण्याची ती एकच संधी होती. श्रीमंत देशांचे यात फारसे बिघडले नाही, त्यांच्याकडे स्पर्धाच येतात.

नियम तसा लवचिकही निघाला. २०१२ मध्ये लंडनची ज्योत शेजारच्या आयर्लंडमध्ये, डब्लिनला गेली. सोचीच्या आयोजकांनी तर २०१४ च्या हिवाळी स्पर्धेसाठी रशियातच सुमारे ६५ हजार किलोमीटर फिरवली, न पेटवलेली मशाल अंतराळातही पाठवली. म्हणजे आटोपशीरपणाचा मुद्दा पाच वर्षेही टिकला नाही.

आपल्याकडे २०२२ मध्ये चेन्नईजवळच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडसाठी, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेसाठी, प्रथमच ज्योत निघाली. दिल्लीहून ७५ शहरे करत, महाराष्ट्र आणि गोव्यातूनही गेली. पुढच्या प्रत्येक ऑलिम्पियाडची ज्योत भारतातूनच निघेल, असेही तेव्हा ठरले. उन्हाळी ऑलिम्पिकच्या ज्योतीसाठी मात्र यजमानपद हाच मार्ग उरला आहे. २०३६ च्या स्पर्धेसाठी भारत प्रयत्न करेल, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत त्याच आंतरराष्ट्रीय समितीच्या अधिवेशनात जाहीर झाले.