ऐकू येतं, पण उमगत नाही

अटॅक्सिया, म्हणजे हालचालींचा ताळमेळ बिघडवणारा मज्जासंस्थेचा विकार, म्हटलं की चालताना जाणारा तोल, थरथरणारे हात आणि जड झालेली जीभ याच गोष्टी सगळ्यांच्या नजरेत भरतात. कानाचा विचार मागेच राहतो. कुणाला सुचलंच तर बंद खोलीत हेडफोन लावून बीप ऐकवतात, आलेख नॉर्मल येतो आणि फाईल मिटते. फ्रेडरिक अटॅक्सिया या आनुवंशिक प्रकाराच्या रुग्णाची फाईल मात्र तिथे मिटता कामा नये.

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रेडरिक यांनी 1863 साली या आजाराचं वर्णन केलं. त्यामागचा जनुक 1996 मध्ये सापडला. नवव्या गुणसूत्रावरच्या या जनुकात जीएए ही तीन अक्षरं निरोगी माणसात फार तर तीसेक वेळा येतात, बहुतेक रुग्णांत शेकडो वेळा. त्यामुळे फ्रॅटॅक्सिन नावाचं प्रथिन कमी पडतं आणि पेशींना ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया लंगडी पडतात. त्याचा मोठा फटका संवेदना वाहून नेणाऱ्या नसांना बसतो. लक्षणं बहुधा दहा ते पंधरा वर्षांच्या वयात दिसू लागतात.

आई आणि वडील दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसूनही हा जनुकदोष बाळगून असले, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न आजही अनेक घरांत ठरतं. नवरा-बायको एकाच रक्ताचे असले की दोघांकडेही तोच दोष असण्याची शक्यता वाढते. म्हणून घरातल्या एका लेकराला हा आजार निघाला, तर पुढच्या सोयरिकी जुळवण्याआधी जनुकीय सल्ला घेतलेला बरा.

आता कानाकडे येऊ. या आजारात आवाज टिपणाऱ्या कानातल्या केसपेशी बहुधा शाबूत असतात, बिघाड असतो तो आवाज मेंदूकडे नेणाऱ्या नसेत. या नसेत सुमारे 30 हजार तंतू असतात आणि त्यांनी ठराविक क्षणी एकसाथ संदेश पाठवावा लागतो. दिंडीत शंभर टाळकरी जो तो आपल्या वेळेने टाळ वाजवू लागले, तर आवाज भरपूर होईल, पण ठेका सापडणार नाही. इथेही तसंच होतं. ‘काडी’ आणि ‘गाडी’ यांतल्या पहिल्या व्यंजनांचा फरक काही शतांश सेकंदांच्या हिशोबावर ठरतो आणि नेमका तो हिशोब हुकतो. शांत खोलीत एकच बीप ओळखायला ठेका लागत नाही, म्हणून तो आलेख चांगला येतो. पत्र्याखाली भरलेल्या वर्गात मात्र पाऊस सुरू झाला की मास्तरांचं वाक्य हरवतं आणि घरी तक्रार येते, ‘पोरगं लक्ष देत नाही.’

हे पकडायला दोन तपासण्या लागतात. पहिली ओएई, म्हणजे ओटोअकॉस्टिक एमिशन. बाहेरच्या केसपेशी आवाजाला उत्तर म्हणून स्वतः अगदी बारीक आवाज काढतात, हे डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये दाखवलं. कानात बसवलेला छोटा मायक्रोफोन तो टिपतो. दुसरी, आपल्याकडे जिला सगळे ‘बेरा’ म्हणतात ती, म्हणजे आवाजाला नस आणि मेंदूचा खालचा भाग कसा प्रतिसाद देतात हे पाहणारी तपासणी. रवाळ पेस्टने कातडी घासून कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टिक-टिक असे शेकडो आवाज सोडतात आणि नसेचा विद्युत प्रतिसाद मोजतात. निरोगी माणसात पहिल्या दहा मिलिसेकंदांत पाच लाटा उमटतात. ओएई व्यवस्थित आणि बेराच्या लाटा विस्कटलेल्या किंवा गायब असल्या, तर दोष नसेकडे आहे असं समजायचं. याच्या जोडीला गोंगाटात शब्द ऐकवून ते म्हणून घ्यायची चाचणी हवी. रुग्णाचा रोजचा त्रास सर्वांत खरा तिथेच दिसतो.

तपासणाऱ्यानेही जपायला हवं. बीप ऐकल्यावर बटण दाबायचं असतं, पण अटॅक्सियात हातच वेळेवर वळत नाही. उशिरा दाबलेलं बटण ‘ऐकू आलं नाही’ असं नोंदलं जातं. तिथे तोंडी ‘हो’ घ्यावा, तोही सावकाश. बेराच्या वेळी मान ताणलेली असली की स्नायूंचे संकेत लाटांत मिसळतात, त्यामुळे मानेखाली उशी द्यावी, झोप लागली तर आणखी चांगलं.

साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, विस्कटलेला ठेका जुळवत नाही, म्हणून त्याचा उपयोग बहुधा तोकडाच पडतो. मेलबर्नमधल्या संशोधकांना शिक्षकाच्या गळ्यातल्या माइकवरून थेट कानात आवाज पोचवणाऱ्या एफएम यंत्रणेचा या रुग्णांना चांगला उपयोग झालेला दिसला. यंत्र मिळेपर्यंत पहिला बाक, समोरून बोलणं आणि बंद केलेला टीव्ही एवढं तरी प्रत्येक घराला आणि शाळेला जमण्यासारखं आहे. काही रुग्णांची नजरही अधू होते, त्यांना ओठ वाचून भागवता येत नाही. शिवाय त्यांचं स्वतःचं बोलणंही अस्पष्ट झालेलं असतं, म्हणजे संवाद दोन्ही बाजूंनी तुटतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोष डेसिबलवर मोजतात आणि दोन्ही कानांत 60 डेसिबलच्या खालचं नुकसान त्यात बसत नाही. नॉर्मल आलेखाच्या या मुलांना त्या रकान्यात जागाच नाही. त्यांच्या चालण्याची किंवा मज्जासंस्थेच्या आजाराची नोंद होऊ शकते, कानाची होत नाही. म्हणून बेराचा आणि गोंगाटातल्या चाचणीचा कागद फाईलला लावून घ्या. शाळेत पुढचा बाक किंवा माइक मागायला जाल, तेव्हा तोच कागद हातात असेल.