पर्जिंग की व्हॅक्यूम? एसी बसवताना 'हवा काढली' म्हणजे नेमकं काय केलं

एसी बसवणारा माणूस हत्यारं आवरत असताना "व्हॅक्यूम केलंत ना?" असं विचारलं, की बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, हवा काढली की." उत्तर खोटं नसतं. हवा काढलेली असतेच. कशी काढली, हे मात्र त्या वाक्यात कुठेच नसतं, आणि त्या मशीनवर पुढे किती खर्च होणार याचा बराचसा हिशेब तिथेच ठरून जातो.

हवा काढायच्या पद्धती दोन. पर्जिंगला एक पाना, एक एलन की (षटकोनी किल्ली) आणि अर्धा मिनिट पुरतो. व्हॅक्यूमला पंप लागतो, गेज लागतं आणि अर्धा-पाऊण तास लागतो. बोलताना दोन्हींना सर्रास 'व्हॅक्यूम'च म्हणतात. बिलावरही दोन्हींसाठी एकच शब्द येतो, म्हणून तर घोळ होतो.

मुळात ही हवा येते कुठून? स्प्लिट एसीचा गॅस कारखान्यातूनच आउटडोअर युनिटमध्ये भरून येतो आणि तिथल्या दोन व्हॉल्व्हच्या मागे कोंडलेला असतो. इनडोअर भिंतीवर चढला, कॉपरचे दोन पाइप ओढले, टोकं कर्ण्यासारखी पसरवून, म्हणजे फ्लेअर करून, नट आवळले, की रस्ता जोडला जातो. पण त्या पाइपांत आणि इनडोअरच्या कॉइलमध्ये तेव्हा साधी हवाच भरलेली असते. फार नाही, एक-दोन लिटर. तिच्यासोबत दमटपणाही आत जातो, आणि पाइप दोन दिवस उघड्या तोंडाने कोपऱ्यात पडून असेल तर जास्तच जातो.

पर्जिंग जवळून पाहिलं तर असं दिसतं. जाड पाइपाचा आउटडोअरकडचा नट जरासा ढिला ठेवतात. मग एलन कीने बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह किंचित उघडतात. कोंडलेला गॅस बारीक पाइपातून इनडोअरकडे धावतो, कॉइलमधून फिरून जाड पाइपाने परत येतो आणि समोरची हवा ढकलत ढिल्या नटातून फिस्स करत बाहेर पडतो. नट बोटाला गार लागायला लागला, की आवळायचा. झालं काम. थोडक्यात, मशीनचाच गॅस केरसुणीसारखा वापरून हवा झाडून काढायची.

आर-२२ गॅसच्या जमान्यात हे चालून जायचं. तेव्हाच्या कित्येक माहितीपुस्तिकांत ही पद्धत रीतसर दिलेली असे. त्यामुळे "आम्ही असेच शेकडो बसवलेत" असं एखादा जुना मेकॅनिक म्हणतो, तेव्हा तो थापा मारत नसतो. बदललं ते मशीनच्या आतलं तेल. आर-२२ च्या कॉम्प्रेसरमध्ये साधारणपणे खनिज तेल असायचं, आणि ते पाण्याला फारसं जवळ करत नाही. त्यानंतर आलेल्या आर-४१०ए आणि आर-३२ या गॅसवर चालणाऱ्या बहुतेक कॉम्प्रेसरांत कृत्रिम एस्टर तेल असतं, ते ओलावा शोषून घेतं. त्यात पाणी मुरलं की तेलाची फोड होऊन आम्ल तयार होतं आणि ते मोटरच्या वाइंडिंगवरचं आवरण खात बसतं. कॉम्प्रेसर चौथ्या वर्षी जळाला तर दोष व्होल्टेजवर जातो. पहिल्या दिवशी पाइपात राहिलेल्या ओलाव्याची आठवण कोणालाच येत नाही.

झाडून काढल्याने हवा बरीचशी जाते. ओलावा मात्र पाइपाच्या आतल्या अंगाला चिकटलेला असतो, तो अशा फुंकरीने हलत नाही. शिवाय जी थोडी हवा मागे राहते, ती कंडेन्सरमध्ये, म्हणजे आउटडोअरच्या कॉइलमध्ये, जागा अडवून बसते. गॅसचा तिथे द्रव होतो, हवेचा होत नाही. मग दाब वाढतो, कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो आणि विजेचं बिल चढतं. थंडावा मात्र 'ठीक आहे' म्हणण्याइतका येत राहतो, त्यामुळे तक्रार करावी असं कोणाला वाटत नाही.

व्हॅक्यूममध्ये आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंदच राहतात. सर्व्हिस पोर्टला (पाइपांत उघडणाऱ्या छोट्या तोंडाला) मॅनिफोल्ड गेजची, म्हणजे नळ्या आणि कॉक असलेल्या दाबमापकाची, नळी लावायची, दुसरी नळी पंपाला, आणि पंप सुरू करायचा. सुरुवातीला पंप गुरगुरतो, त्याच्या तोंडातून तेलाची धुरकट वाफ येते. थोड्या वेळाने आवाज बदलतो, कोरडा आणि एकसुरी होतो. गेजचा काटा तोवर शून्याच्या खाली उतरून शेवटाला टेकलेला असतो. इथेच पुष्कळ जण पंप बंद करतात आणि इथेच चुकतात. काटा खाली गेला म्हणजे हवा गेली. पाणी अजून आत असू शकतं.

पाणी पंपाने ओढून निघत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊन उकळतं. इथे नेमकं उलटं. बाहेरच्या हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो. तो पाइपात २४ मिलिमीटरच्या आसपास आणला, की २५ अंश तापमानालाच पाणी उकळायला लागतं. चांगल्या कामात त्याच्याही बरंच खाली, ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जातात. साध्या गेजवर २४ मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर यांतला फरक डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, त्यासाठी वेगळं मायक्रॉन गेज असतं. घरगुती कामाला ते फार थोडे जण आणतात. नसेल तर उपाय एकच, पंप पुरेसा वेळ चालू ठेवायचा. पावसाळी, दमट दिवशी आणखी जास्त.

माझ्या मते दोन्हींतला सर्वात मोठा फरक त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत आहे. आधी मॅनिफोल्डचा कॉक बंद करायचा, मग पंप, आणि मग काहीही न करता काट्याकडे बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही तर जोडणी घट्ट आहे. चढतच राहिला तर कुठला तरी नट किंवा फ्लेअर गळतोय. थोडा चढून थांबला (हे मायक्रॉन गेजवरच नीट दिसतं) तर ओलावा शिल्लक आहे, पंप पुन्हा सुरू करा. व्हॅक्यूममध्ये ही परीक्षा आपोआप होते. पर्जिंगमध्ये अशी परीक्षाच नसते. नट आवळला, एसी चालू केला, गार हवा आली, पास!

ही परीक्षाही शंभर टक्के पक्की नसते, बरं का. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा एका वातावरणाच्या दाबाने आत शिरू पाहते. भर उन्हाळ्यात आर-३२ च्या मशीनमध्ये २५ बारच्या वर, म्हणजे त्याच्या साधारण पंचवीसपट, दाब असतो आणि तो आतून बाहेर रेटतो. म्हणून लांब पाइपलाइन असेल, भिंतीत दडवलेली असेल, तर आधी नायट्रोजन भरून दाबाची चाचणी घेतात आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतात. भिंत लिंपल्यावर गळती शोधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

आणखी एक, गॅसचा स्वभाव. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९०, म्हणजे प्रोपेन, चांगलाच पेट घेतो. असा गॅस नटातून मुद्दाम सोडायचा आणि शेजारी ड्रिलच्या ठिणग्या, हे दृश्य मला तरी बघवत नाही. वातावरणात सोडलेला एक किलो आर-३२ शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो.

आता खर्च. बसवण्याच्या बिलात मजुरी असते, ठरावीक लांबीपलीकडचा कॉपर पाइप आणि त्यावरचं इन्सुलेशन असतं, ड्रेन पाइप, आउटडोअरचा स्टँड, भिंतीला भोक पाडणं, वायर, स्वतंत्र एमसीबी. उंचावर लटकून काम असेल तर त्याचे वेगळे. पाइप फार लांबला तर दर मीटरमागे थोडा गॅसही वाढवावा लागतो. या प्रत्येक गोष्टीला फूट, मीटर किंवा नग असं माप आहे, त्यामुळे घासाघीस तिथेच होते. व्हॅक्यूमला तसं माप नाही. तो निव्वळ वेळ आहे. दिवसाला पाच-सहा घरं उरकायची असतील आणि दर घरामागे ठरलेली रक्कम मिळत असेल, तर गाळण्यासारखी सर्वात सोपी गोष्ट तीच. 'मोफत इन्स्टॉलेशन'मध्ये तर विचारायलाच नको.

आमच्याकडे हेच झालं. पहिला उन्हाळा छान गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात थंडावा कमी, "गॅस कमी झालाय", भरला. तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तो तोच तो फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. हे मला तिसऱ्या बिलाच्या वेळी सुचलं. चौथ्या मेकॅनिकने आउटडोअरच्या नटाला साबणाचा फेस लावला, दोन मिनिटांनी तिथे मोहरीएवढा बुडबुडा फुगला. फ्लेअरला बारीकशी चीर. व्हॅक्यूम धरून पंधरा मिनिटं काटा बघितला असता तर बहुधा पहिल्याच दिवशी सापडली असती.

तेव्हा पंप आणलाय का, हे माणूस दारात असतानाच विचारा. जुना एसी घर बदलल्यावर पुन्हा बसवतानाही हेच लागू, तिथले पाइप तर महिनोन् महिने उघडे पडलेले असतात. व्हॉल्व्ह एकदा उघडले की "आता करून टाका" म्हणता येत नाही, कारण हवा तोवर गॅसमध्ये मिसळून सगळ्या मशीनभर फिरलेली असते. मग सगळा गॅस सिलेंडरमध्ये काढून घ्यायचा, व्हॅक्यूम करायचं आणि आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका नवा गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. त्याचं बिल वेगळं.