एचआयव्ही, वंश आणि एक जुना गैरसमज

'अमेरिकेत कृष्णवर्णीयांमध्ये एचआयव्ही जास्त, कारण त्यांचं वागणंच तसं' हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. आकडा खरा आहे: लोकसंख्येत सुमारे 12-13 टक्के, नव्या निदानांत मात्र 40 टक्क्यांच्या आसपास. कारण तेवढं चुकीचं.

समलिंगी पुरुषांच्या पाहण्यांत कृष्णवर्णीयांचे जोडीदार गोऱ्यांपेक्षा जास्त आढळले नाहीत, कंडोमचा वापरही कमी नव्हता. मग फरक कुठून? समजण्यापुरता हिशेब मांडा. एका वस्तीत 100 पैकी 2 जणांच्या रक्तात विषाणू मोकाट आहे, दुसरीत 10 जणांच्या. वागणं तंतोतंत सारखं असलं तरी दुसरीकडे लागण झालेला जोडीदार भेटण्याची शक्यता पाचपट. रोजच्या गोळीने विषाणू मिलिलिटरमागे 200 प्रतींच्या खाली टिकला, की शरीरसंबंधातून पसरत नाही. पण अनेक कृष्णवर्णीयांकडे विमा नाही, दवाखाना लांब. निदान उशिरा, म्हणून गोळीही उशिरा.

जनुकं? सीसीआर5 या जनुकातला, एचआयव्हीपासून संरक्षण देणारा बदल दोन्ही पालकांकडून मिळालेले लोक उत्तर युरोपीय वंशातही शंभरात एखादेच. तेवढ्याने एवढी दरी पडत नाही.

पडताळायचं तर तक्त्यात नुसता वंशाचा रकाना पाहू नका. विषाणू दबलेल्यांची टक्केवारी आणि राज्यवार विम्याचे आकडे शेजारी ठेवून वाचा.